दिवाळीला येणार म्हणे

"काहून वो गुरुजी, आलं का नाई ते?"

मामी कुपाटीच्या पलीकडून विचारायच्या, आणि 'ते' म्हणजे काय हे 2021 च्या त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत कुणालाच फोडून सांगावं लागत नव्हतं. ते म्हणजे जिओचा नवा फोन, जिओफोन नेक्स्ट. मामी त्याला 'नेस्ट' म्हणायच्या. आबा नुसतंच 'अंबानीचं डबडं' म्हणायचे. काकू पडल्या बचत गटाच्या अध्यक्ष, त्यांना कुठलीही वस्तू आधी हप्त्यात दिसते. त्या म्हणायच्या 'स्कीम'.

सिद्धेश्वर म्हणजे सोलापूरचं नव्हे, हे आधी सांगितलेलं बरं. बाहेरगावी नाव घेतलं की लोक गड्ड्याची यात्रा विचारतात. आमचं सिद्धेश्वर हिंगोली जिल्ह्यातलं, औंढा नागनाथच्या अंगाचं, पूर्णेवरच्या धरणाचं. वर येलदरी, खाली आम्ही. येलदरीच्या पोटात आमच्या दहापट पाणी मावतं. तिथं वीज करून ते खाली सुटतं, आमच्याकडं अडतं आणि कालव्यानं वसमत, परभणी, नांदेडकडं जातं. त्यामुळं वाट बघणं हा इथला जुनाच धंदा आहे. पाणीपाळी कधी सुटणार, किती दिवसांची, टेलपर्यंत पोचणार का, यावर इथल्या दोन पिढ्या कुपाटीला टेकून बोलत आल्यात. फोनची वाट बघायला वेगळं काही शिकावं लागलं नाही.

"वटपौर्णिमा होती बघा," काकूंना दिवस पक्का आठवतो. "वडाला सूत गुंडाळून आले, टीव्ही लावला, तर त्यो सभेत उभा."

24 जून 2021. रिलायन्सची 44 वी वार्षिक सभा, तीही करोनामुळं पडद्यावरचीच. मुकेश अंबानींनी सांगितलं की गूगलला सोबत घेऊन स्वस्तातला स्मार्टफोन काढतोय. गूगलचे सुंदर पिचाईही दोन शब्द बोलले. आणि तारीख दिली, 10 सप्टेंबर, गणेश चतुर्थीची. तारखेच्या जागी सणाचं नाव आलं की आमच्याकडं ती तारीख कुणी विसरत नाही. नुसतं 'सप्टेंबरचा दुसरा आठवडा' म्हणाले असते तर मामींनी लक्षही दिलं नसतं.

मामींना फोन हवा होता नातवासाठी. आठवीतलं पोरगं. करोनात शाळा मोबाईलमधे गेलेली आणि घरात मोबाईल एकच, तो बापाच्या खिशात, बाप दिवसभर शेतात. पोरगं संध्याकाळी सातला सकाळचा तास बघायचं. तेवढ्यात बातमी आली की या फोनला बटण दाबलं की तो पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. तेव्हापासून मामींना तो स्वतःलाही हवा झाला.

"म्हंजे मला बँकेचा मेसेज कोणाला दाखवावा लागणार नाई," मामी म्हणाल्या.

"आन् सूनबाईचा मेसेज बी वाचून दाखवंल," काकूंनी टोला हाणला. "मोठ्यानं. दारात."

मामी त्यावर काही बोलल्या नाहीत, पण विचारात पडल्या असाव्यात.

आता किमतीचं. त्या सभेत किंमत सांगितलीच नव्हती. स्वस्त म्हणाले, फार स्वस्त म्हणाले, आकडा काही दिला नाही. आकडा आम्ही दिला. जुलैत कुणीतरी हिंगोलीहून साडेतीन हजार हा भाव आणला. तोही 3,499, म्हणजे शेवटच्या रुपयासकट, त्यामुळं तो खराच वाटला. ऑगस्टमधे गल्लीत दुसरं आलं: पाचशे रुपये भरा, फोन घरी न्या, बाकी मग बघू. हे 'मग बघू' कुणाच्या तोंडचं ते काही कळलं नाही. पण काकूंनी गटाच्या बैठकीत विषय घेतला, चार-पाच जणींनी नावंही दिली. न आलेल्या फोनची यादी तयार झाली, तीही भाव धरून.

आबांना हे पटत नव्हतं. 2016 मधे नोएडाच्या कुण्या कंपनीनं 251 रुपयांत स्मार्टफोन देतो म्हणून जाहिरात केली होती. फ्रीडम 251. देशभरातून कोट्यवधी नोंदण्या झाल्याचं कंपनीनंच सांगितलं, फोन मात्र बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिला नाही, आणि पुढच्या वर्षी मालकाला अटक झाली. आबांच्या पुतण्यानं त्यात नाव घातलं होतं.

"त्या टायमाला लातूरला पाणी नव्हतं प्यायला, मिरजहून रेल्वेनं यायलतं," आबा म्हणाले, "आन् ह्ये पोरगं अडीचशेचा फोन शोधायलतं."

"आबा, हा अंबानी हाय. त्यो कशाला पळून जातोय?"

"पळून नाई जाणार. पण देईल तवा खरं."

2017 च्या साध्या जिओफोनचा दाखलाही निघाला. तेव्हा ऑगस्टात पाचशे रुपये भरून नोंदणी सुरू झाली, दोन-तीन दिवसांत गर्दी इतकी झाली की नोंदणीच थांबवावी लागली. साठ लाखांच्या आसपास लोकांनी नाव घातलेलं. फोन आला तो सप्टेंबर सरता सरता. पण आला. काकूंचा सगळा विश्वास त्या 'पण आला' वर उभा होता.

गणपती आले. फोन नाही आला. चतुर्थीच्या आदल्या रात्री कंपनीनं सांगून टाकलं की सध्या मोजक्या लोकांना देऊन चाचणी चालली आहे, दिवाळीच्या हंगामात बाजारात आणू, आणि जगभर सेमीकंडक्टरचा जो तुटवडा आहे त्यातही या जादा वेळाचा उपयोग होईल. सकाळी मी पेपर घेऊन कुपाटीशी उभा राहिलो तोवर गल्लीला माझ्या आधी कळलेलं होतं, आणि कारणंही तयार होती. चीननं माल अडवलाय. मोठं जहाज कालव्यात आडवं झालंय. (जहाज खरंच आडवं झालं होतं, सुएझच्या कालव्यात, पण ते मार्चमधे, आणि सहा दिवसांनी निघालंही होतं. आमच्या गल्लीत ते सप्टेंबरपर्यंत आडवंच होतं.) कुणी म्हणालं, साठा करून ठेवलाय, भाव वाढला की काढतील.

"गुरुजी, तुमी सांगा. चिप म्हंजे काय असतंय? आन् ती संपती कशी?"

चिप म्हणजे फोनचा मेंदू वगैरे मी सांगितलं, ते कुणी ऐकलं नाही. संपती कशी, हे मात्र सगळ्यांना हवं होतं. मग जेवढं वाचलं होतं तेवढं सांगितलं. करोनात जग घरी बसलं तसे लॅपटॉप, फोन सगळ्यांना एकदम लागले. गाड्यांच्या कारखान्यांनी आधी घाबरून चिपांच्या मागण्या रद्द केल्या, मग गाड्या खपायला लागल्यावर परत आले, तोवर त्यांची जागा दुसऱ्यांनी घेतलेली. फेब्रुवारीत अमेरिकेतल्या टेक्सासमधे बर्फ पडून वीज गेली, तिथले चिपांचे कारखाने बंद पडले. मार्चमधे जपानातल्या नाका नावाच्या कारखान्याला आग लागली. उन्हाळ्यात मलेशियात करोना वाढला, आणि बऱ्याच चिपा तपासून, वेष्टनात बसवून निघतात त्या तिथूनच. शिवाय स्वस्तातल्या फोनला लागतात त्या जुन्या पद्धतीच्या चिपांचाच तुटवडा जास्त, कारण नवीन कारखाना घालणारा महागाची चिप काढायला घालतो, स्वस्तातलीसाठी कोण घालणार?

"म्हंजे टेलला आपणच," आबा म्हणाले. वरच्यांचं भरलं की खाली सुटणार, मधल्यांनी मोटारी लावल्या की आपल्यापर्यंत ओल यायची. आबांची जमीन कालव्याच्या पार शेवटाला आहे. माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणाचा त्यांनी एका वाक्यात निकाल लावला.

पण गल्ली खरी गप्प झाली ती तैवानच्या गोष्टीनं.

जगातल्या उत्तम चिपांतला मोठा भाग तैवान नावाच्या बेटावर बनतो. चिप धुवायला पाणी लागतं, तेही अतिशुद्ध, आणि ढीगभर. तिथल्या टीएसएमसी या सगळ्यात मोठ्या कंपनीचा 2019 चा आकडा रोजचा दीड लाख टनांहून जास्त आहे. आणि 2020 मधे तैवानवर एकही वादळ आलं नाही, छप्पन्न वर्षांत पहिल्यांदाच. तिथली धरणं त्या वादळांच्या पावसावर भरतात. 2021 च्या उन्हाळ्याआधीच जलाशय तळाला गेले, कंपन्यांनी पाण्याचे टँकर मागवले.

"टँकर?" मामींना हे फार आवडलं. "त्यायच्याकडं बी टँकर?"

हिशोब करायची माझी खोड जात नाही. सिद्धेश्वरचा उपयुक्त साठा एक्क्याऐंशी दशलक्ष घनमीटरच्या आसपास. म्हणजे आपलं धरण काठोकाठ भरून त्या एका कंपनीला दिलं, उन्हानं आटणारं पाणी हिशोबात धरलं नाही, तर साधारण दीड वर्ष पुरेल. हे सांगितल्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. आम्ही धरणाला फार मोठं समजून होतो.

"मग बंद पडले का कारखाने?" आबांनी विचारलं.

नाही पडले. कंपनी म्हणाली, उत्पादनाला धक्का नाही. सरकारनं शेतीचं पाणी तोडलं होतं. हजारो हेक्टर भातशेतीला सांगितलं, यंदा लावणी करू नका, भरपाई देऊ. शेतकरी थांबला म्हणून कारखाना चालला.

आबा कुपाटीवर हात ठेवून उभे होते. "भरपाई दिली?"

"दिली म्हणतात."

"आन् पुढच्या साली गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं तं? मजूर दुसरीकडं गेला तं? त्याची?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. आबांना आठवण झाली असावी त्या वर्षांची, जेव्हा पिण्यासाठी राखीव म्हणून कालवा सुटलाच नाही आणि धरणाच्या भिंतीखालचा ऊस वाळला. पण ते काही त्यांनी काढलं नाही. "म्हंजे त्या फोनात भात हाय," एवढंच म्हणाले, आणि तेव्हापासून डबडं म्हणायचे थांबले.

माझं स्वतःचं मत जरा वेगळं आहे, आणि ते मी तेव्हाही मांडलं होतं. तुटवडा खरा होता, यात शंका नाही. मारुतीनंच सप्टेंबरात गाड्यांचं उत्पादन नेहमीच्या चाळीस टक्क्यांवर येईल असं सांगितलं होतं. पण खऱ्या तुटवड्याच्या आडोशाला बरंच काही बसू शकतं. तयारी अपुरी असेल, भाव जमत नसेल, तरी कारण एकच सांगता येतं आणि ते खोटंही ठरत नाही. काकूंना हे माझ्याआधी माहीत होतं.

"गुरुजी, खताच्या दुकानात काय होतंय? डीएपी नाई म्हणतो. खरंच नसतंय कदी कदी. पन संगं दोन बाटल्या त्या पानावर मारायच्या घ्या म्हणलं, का एक पोतं निघतंय मागून."

याला आमच्याकडं लिंकिंग म्हणतात. कृषी खातं दरवर्षी सांगतं, असं करू नका. त्या वर्षी तर रब्बीच्या तोंडावर डीएपीची देशभरच ओरड होती. एक पोतं लागणारा तीन मागत होता, उद्या मिळालं नाही तर म्हणून, आणि त्यामुळं उद्या खरंच मिळत नव्हतं. चिपांचंही निम्मं दुखणं हेच होतं. सगळ्या कंपन्यांनी लागतं त्याहून जास्त मागून ठेवलं.

मधे पाऊस झाला. सप्टेंबरच्या शेवटी गुलाब वादळाचा पाऊस मराठवाड्यावर जो कोसळला, त्यानं उभ्या सोयाबीनला शेंगेतच कोंब आले. येलदरी भरलेलं, आमच्याकडचे दरवाजे उघडलेले, पूर्णा दोन्ही थड्या धरून. तेवढे दिवस फोनचं नाव कुणी काढलं नाही. पोराबाळांना पाणी बघायला भिंतीकडं जाऊ न देणं हेच काम होतं.

आणि 4 ऑक्टोबरला गावाकडची पाचवीपासूनची शाळा भरली. मामींचा नातू दप्तर घेऊन गेला. ज्या कारणासाठी फोन हवा होता ते कारणच फोन यायच्या आधी संपलं. तरी मामींची वाट बघणं कमी झालं नाही, उलट वाढलं.

"आता कशाला पायजे?" मी विचारलं.

"आवो, इतके दिवस वाट बघितली की!"

याला काय उत्तर आहे?

29 ऑक्टोबरला भाव फुटला. 6,499 रुपये. विक्री 4 नोव्हेंबरपासून, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. किंवा मग 1,999 आधी, वर 501 प्रक्रियेचे, आणि बाकी अठरा किंवा चोवीस महिन्यांचे हप्ते, त्यात रिचार्ज धरलेला.

त्या संध्याकाळी कुपाटीच्या दोन्ही बाजूंना जी नाराजी पसरली ती फसवले गेल्याची होती. "साडेतीन म्हणले होते!" मामी म्हणाल्या. कोण म्हणालं होतं? मामी काकूंकडं बघायल्या, काकू माझ्याकडं, आणि मी हिंगोलीच्या दिशेनं. चार महिने आम्ही ज्या फोनची वाट बघितली तो साडेतीन हजारांचा होता, आणि तो फोन कुण्या कंपनीनं कधी जाहीरच केला नव्हता. तो आमच्याच गल्लीत तयार झालेला. उशीर जितका होत गेला तितका तो आमच्यापुरता स्वस्त आणि चांगला होत गेला. ऑक्टोबरपर्यंत तर मामींच्या मते तो पाण्यात पडला तरी काही होणार नव्हतं.

काकूंनी मात्र वही काढली. हे त्यांचं मला आवडतं, रागावतात त्या हिशोब झाल्यावर.

"अडीच हजार आधी. महिना तीनशे, चोवीस महिने, बहात्तरशे. झाले नऊ हजार सातशे." थांबल्या. "रोखीत पासष्टशे. वर झाले बत्तीसशे. चोवीसनं भागा. महिना एकशे तेहेतीस. आन् तेवढ्यात रिचार्ज." परत थांबल्या. "वाईट नाई वो हे."

"रिचार्ज किती देतात त्यात?" मी विचारलं. तीनशेच्या प्लॅनला महिन्याला पाच जीबी आणि शंभर मिनिटं बोलणं.

"महिन्याला शंभर मिनिटं?" काकूंनी वही मिटली. "मामींना एका दुपारला पुरायची नाईत."

जास्तीचं बोलायचं तर हप्ता साडेचारशे-पाचशेवर जात होता, आणि सोयाबीन तेव्हा पाच हजारांच्या आसपास आलेलं. तेच ऑगस्टच्या सुरुवातीला दहा हजारांवर होतं. म्हणजे जूनमधे जाहीर झालेला फोन ऑगस्टात आला असता तर पाऊण क्विंटलच्या आत होता, दिवाळीला आला तो सव्वा क्विंटलच्या वर गेला. उशिरामुळं फोन महाग झाला नव्हता, आमच्या खळ्यावरचा माल स्वस्त झाला होता. शिवाय नुसतं दुकानात जाऊन पैसे टाकले असंही नव्हतं. आधी व्हॉट्सअॅपवर 'हाय' पाठवून नाव नोंदवायचं, निरोप आला की जायचं. फोन नसलेल्यानं फोन घेण्यासाठी फोनवरून निरोप पाठवायचा, यावर आबा जे हसले ते खोकल्यापर्यंत गेले.

गटातल्या एकीनं घेतला, हप्त्यावर. आम्ही सगळ्यांनी हाताळून बघितला. साडेपाच इंचाला जरा कमी पडदा, दोन जीबी रॅम, आत 'प्रगती' नावाची प्रणाली. चांगला होता. साधा, नीट चालणारा फोन होता. आणि सगळ्यांच्या तोंडावर एकच भाव, एवढ्यासाठी का? वास्तविक त्या फोनची यात काही चूक नव्हती.

मामींनी हिंगोलीच्या भाच्याकडून त्याचा जुना फोन घेतला, दोन हजारांत. काच एका कोपऱ्यात तडकलेली. त्यात ते वाचून दाखवण्याचंही कुठंतरी होतंच, नातवानं सुरू करून दिलं. पहिला मेसेज बँकेचा वाचला, दुसरा लकी ड्रॉचा, आणि मामींनी तो बंद करायला लावला, कारण फोन म्हणे पुरुषासारखा बोलतो.

"आता फाइव्ह-जीचा येणार हाय, स्वस्तात," काकूंनी पुढच्या आठवड्यात नवीन सोडलं.

"कदी?"

"तारीख नाई दिली आजून. पन गणपतीला म्हणे."

आबा काही बोलणार तेवढ्यात कोपऱ्यावरून नातू सायकलवर ओरडत आला, औंढ्याला डीएपीचा ट्रक उतरलाय. काकूंनी वही कुपाटीवरच ठेवली. आबांनी धोतराचा सोगा खोचला, मामींनी मुलाला हाक मारली, तो फोन उचलेना, म्हणून मामी स्वतःच आधार कार्ड शोधायला घरात पळाल्या. "गुरुजी, तुमचं शेत नाई, तुमी काहून चालला?" असं काकूंनी जाता जाता विचारलं. मी म्हटलं, रांगेत एक माणूस जास्त असलेलं बरं.